साताऱ्याच्या राजाला न मिळालेली दाद

साताऱ्यातील प्रतापसिंह हायस्कूलला ज्यांचे नाव आहे, त्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना ईस्ट इंडिया कंपनीने सप्टेंबर १८३९ मध्ये गादीवरून उतरवले आणि पुढे काशीला पाठवले. कंपनीविरुद्ध कट केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक यांनी गुन्हा कबूल करून सही केल्यास राज्य राहील असे सांगितले, तेव्हा महाराजांनी सही नाकारली. पुरावे समोर ठेवा आणि उघड चौकशी करा, एवढेच त्यांचे मागणे होते. पण आरोप करणारी, चौकशी नेमणारी आणि निकाल देणारीही कंपनीच होती.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन कंपनीच्या संचालकांपुढे आणि पार्लमेंटपुढे वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिले. १८४७ मध्ये महाराज वारले, १८४८ मध्ये राज्य खालसा झाले, तरी रंगो बापूजी लंडनमध्येच होते. अर्थात, स्वतः महाराजांच्या रयतेलाही राजाविरुद्ध हक्काने दाद मागण्याची सोय नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे महाराजांचे नाव मिळालेल्या याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचा प्रवेश झाला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ज्या तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, ती आजचे कलम ३२ होय. मूलभूत हक्कावर सरकारने घाला घातला, तर नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, आणि हे जाणे हाच मूलभूत हक्क आहे. शिवाय कलम २२ नुसार अटकेचे कारण सांगावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच तो टाळण्यासाठी कोंडून ठेवण्याला, मात्र त्याच कलमाने यातून वगळले आहे, आणि ही फट लहान नाही.

आणीबाणीत हे दारही बंद झाले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले की, स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचे होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि कलम २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचे हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरवले. तो निकाल मात्र चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नोंदवले, तेव्हा न्यायमूर्ती खन्ना हयात नव्हते.