वाळूवरची निळाई

फुलांकडे वळण्याआधी ही वाळू पाहून घ्या.

जपानच्या इबाराकी प्रांताचा हा किनारा. आज इथे हिताची सीसाइड पार्क ही मोठी बाग आहे. समोर प्रशांत महासागर. या वाळूखाली जुन्या मिठागरांचे अवशेष सापडलेत. समुद्राचं पाणी आटवून इथली माणसं मीठ काढत.

पुढे इथे लष्करी धावपट्टी झाली. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला आणि जमीन अमेरिकी सैन्याकडे गेली. बॉम्बफेकीचा सराव इथेच चाले. पलीकडे शेतं होती, नांदती घरं होती. १९५७ सालच्या ऑगस्टमध्ये फार खालून उडणाऱ्या एका विमानाची धडक सायकलवरून निघालेल्या मायलेकांना बसली. आई गेली, मुलगा जबर जखमी झाला. ही जमीन परत मिळाली ती १९७३ साली.

हे ठाऊक असलं की बागेतली फुलांची टेकडी वेगळीच दिसते.

ही मिहाराशी टेकडी. याच जमिनीवर हिताची सीसाइड पार्क १९९१ मध्ये खुलं झालं. एप्रिलच्या मध्यापासून इथे नेमोफिला हे निळं फूल फुलतं. एकेक फूल जेमतेम रुपयाएवढं, पण रोपं पन्नास लाखांच्या घरात! वारा आला की अख्खी टेकडी हलते. आणि हे सारं एका हंगामापुरतं. बहर ओसरला की रोपं उपटायची, जमीन तयार करायची आणि कोचिया लावायचा. उन्हाळाभर त्याची गोल हिरवी झुडपं वाढतात, ऑक्टोबरात लालभडक होतात. वाळल्यावर त्यांचे झाडू बांधतात. मग पुन्हा नेमोफिलाचं बी.

बागेपासून थोडं चालत गेलं की आजिगाउरा स्टेशन. इथून कात्सुतापर्यंत छोटी डिझेल गाडी धावते, अवघी १४.३ किलोमीटर. ही लाइन बंद पडणार होती. गावकरी आणि नगरपालिका तिच्यामागे उभे राहिले आणि २००८ मध्ये नव्या कंपनीने ती चालवायला घेतली. वाटेत नाकामिनातोला उतरावं. मासळीबाजारात सकाळी जावं, ताजा माल तेव्हाच मिळतो.

आणि हिवाळ्यात आलात, तर फुलं नसतील. तेव्हा आसपासच्या गावांत रताळी उकडून, सोलून, त्यांच्या चकत्या वाळत घातलेल्या दिसतील. याला होशीइमो म्हणतात. जपानात बनणारं बहुतेक होशीइमो याच प्रांतातलं. पाण्याचा निचरा होणारी जमीन रताळ्याला मानवते आणि कोरडा थंड वारा चकत्या वाळवायला.

तिकडे टेकडी उघडी दिसते. बी मातीत आहे.