शेवटची फेरी

मंडळी, १० टेराबाइट डेटा एका एनएफएस व्हॉल्यूमवरून (नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक डिस्कवरून) दुसऱ्यावर न्यायचा म्हटलं की मॅनेजर पहिल्यांदा विचारतो, "सर्व्हर किती तास बंद?" एक गिगाबिटची लाइन तुडुंब चालली तरी सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जातात. म्हणजे झाले पंचवीसेक तास. पण एवढा वेळ काम बंद ठेवायची काहीच गरज नाही. लोकांना थांबवायचं ते फक्त शेवटच्या फेरीपुरतं.

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं आरसिंक, म्हणजे दोन जागांमधल्या फाइली ताडून फक्त फरक कॉपी करणारा प्रोग्रॅम, १९९६ पासून आपल्या हाताशी आहे. पहिली फेरी काम चालू असतानाच मारायची. दुसऱ्या फेरीत फक्त बदललेलं जातं, तिसरी आणखी लवकर आटपते. मग एका टप्प्यावर वेळ कमी होणं थांबतं. आता ही खरी ग्यानबाची मेख. आरसिंक प्रत्येक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ दोन्हीकडे ताडून बघतो, आणि एनएफएसवर त्यासाठी नेटवर्कवरून हेलपाटे घालावे लागतात. त्यामुळे शंभर मोठे व्हिडिओ असतील तर शेवटची फेरी चुटकीसरशी होते. मेलच्या कोटभर बारक्या फाइली असतील, तर काहीही बदललेलं नसताना तासन्‌तास जातात. म्हणून मॅनेजरला आकडा सांगण्याआधी फाइली मोजा. झेडएफएससारखी स्नॅपशॉट (एका क्षणाची गोठवलेली प्रत) काढणारी फाइल सिस्टिम दोन्हीकडे असेल तर आरसिंकच्या नादी लागूच नका. त्याला दोन स्नॅपशॉटमधले बदललेले ब्लॉक थेट कळतात, फाइली चाळाव्या लागत नाहीत.

आरसिंकला आर्काइव्ह पर्याय (-a) दिला म्हणजे सगळं आलं, हा एक लाडका गैरसमज. हार्डलिंक (एकाच फाइलची अनेक नावं) आणि एसीएल (कोणाला काय परवानगी याची सविस्तर यादी) त्यात येत नाहीत, ते वेगळे मागावे लागतात. हार्डलिंकवर उभा असलेला बॅकअप तसाच कॉपी केलात तर तो फुगून नवा व्हॉल्यूम भरून टाकेल. एक्सपोर्टवर (सर्व्हरनं वाटलेल्या फोल्डरवर) रूट स्क्वॉश, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या रूट युजरला सामान्य युजर मानणं, चालू असेल तर फाइलींची मालकीही नीट उतरत नाही.

सगळ्यात जास्त मला धास्ती डिलीट पर्यायाची, म्हणजे मूळ जागी नसलेल्या फाइली नव्या जागेवरून पुसणाऱ्या पर्यायाची. तो लागतोच, नाहीतर मधल्या काळात खोडलेल्या फाइली नव्या जागी पुन्हा अवतरतात. पण सर्व्हर रीबूट झाला आणि जुना व्हॉल्यूम माउंट झालाच (म्हणजे फोल्डरला जोडला गेलाच) नाही, तर त्या जागी उरतो रिकामा फोल्डर. आरसिंक इमानदारीनं त्या रिकाम्या फोल्डरची प्रत काढतो, म्हणजे नव्या व्हॉल्यूमवरचं सगळं साफ. म्हणून स्क्रिप्टची पहिली ओळ: माउंट आहे का बघ, नसेल तर तिथेच थांब.

बदलाच्या रात्री आधी प्रोग्रॅम थांबवा, जुना व्हॉल्यूम रीड-ओन्ली करा, मग शेवटची फेरी. नुसतं डीएनएस (सर्व्हरच्या नावाचा पत्ता सांगणारी नोंद) बदलून भागत नाही; क्लायंटनं (व्हॉल्यूम वापरणाऱ्या मशीननं) माउंट करताना जो पत्ता धरला, तोच तो धरून बसतो. पत्ता तोच ठेवून मागचा सर्व्हर बदललात तर 'स्टेल फाइल हँडल' (धरलेली फाइल आता सापडत नाही) या एररचा पाऊस पडतो. प्रत्येक मशीनवर अनमाउंट करून पुन्हा माउंट करण्याला पर्याय नाही.

जुना व्हॉल्यूम लगेच पुसू नका, हे सगळेच सांगतात. पण सकाळी लोकांनी नव्यावर लिहायला सुरुवात केली की जुन्याकडे परतताना ते लिखाण मागे राहतं. तेव्हा परत फिरायचं असेल तर पहिली फाइल लिहिली जाण्याआधी ठरवा. त्यानंतर उलट्या दिशेनं पुन्हा आरसिंक, आणि पुन्हा तेवढाच वेळ बंद.