झारीची बाजू

मंडळी, आजचा विषय 'स्प्रिंकलर लावावा की झारी हातात ठेवावी' असा जाहीर झालाय आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण मघाशी जे हात वर झाले त्यावरून दिसतं, की इथल्या बहुतेकांनी स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये निदान एक वर्ष तरी शेत कसलंय. तेव्हा बी कुठे मिळतं, कुदळ कशी चालवायची, हे सोडून देतो. आधी माझ्या फ्लॉवरची हकिगत सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातूनच आलंय.

पहिलं वर्ष, वसंत ऋतू. 13 तारखेचा अंड्यांचा उत्सव उरकला आणि 15 तारखेला मी 12 फ्लॉवर लावले. एका बीला 80 नाणी, म्हणजे त्या वेळच्या माझ्या ऐपतीत जवळजवळ सगळी पुंजी जमिनीत गेली. फ्लॉवरला 12 दिवस लागतात, म्हणजे काढणी 27 ला. ऋतू 28 दिवसांचा. एक दिवस हाताशी होता.

17 ला सकाळी भट्टीतून तांब्याची पाचवी लगड निघाली. पाच लगडी आणि 2000 नाणी दिली की लोहार झारी सुधारून देतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. साध्या झारीत जमिनीच्या 40 चौकोनांचं पाणी मावतं, तांब्याच्या झारीत 55 चं. मी हरखून गेलो. पण 15 ते 18 हे सॅमनबेरी या रानफळांचे दिवस, झुडपं गुलाबी ठिपक्यांनी लगडलेली. एक झुडूप हलवलं, मग दुसरं, मग नदीपलीकडचं. घड्याळाकडे पाहिलं तर तीन वाजून गेलेले, आणि लोहाराचं दुकान चारला बंद होतं. धावत गेलो, झारी त्याच्या हातात दिली आणि परत फिरताना पुलावर आठवलं, की आज पाणी घातलेलंच नाही.

झारी दोन दिवसांनी मिळते. त्या रात्री टीव्हीवर हवामान पाहिलं, उद्या लख्ख ऊन. 18 ला सकाळी दार उघडलं तर समोर 12 चौकोन फिकट पडलेले. ओली माती त्या खेळात गडद दिसते आणि कोरडी माती अशी फिकट, की घराच्या पायरीवरूनच कळतं. मी त्या वाफ्यापाशी नुसता उभा राहिलो. हातात कुदळ होती, कुऱ्हाड होती, विळा होता. पाणी घालायला काही नव्हतं. शेजारी तळं होतं!

(मागून कोणीतरी म्हणालं, आधी पाणी घालून मग झारी द्यायची. बरोबर आहे. उद्या पाऊस असेल त्याच्या आदल्या दिवशी द्यायची, हेही बरोबर. तेव्हापासून मी कधी चुकलो नाही.)

पाणी न मिळालेलं पीक या खेळात मरत नाही, फक्त त्या दिवसापुरतं वाढत नाही. माझे दोन दिवस गेले, हाताशी होता एक. 28 च्या संध्याकाळी 12 च्या 12 फ्लॉवर उभे, एका रात्रीचं काम उरलेलं. तरी मी त्यांना पाणी घातलं. सकाळी उन्हाळ्याची पहिली तारीख, ऋतू बदललेला, आणि वाफ्यात तपकिरी काड्या. विळ्याने साफ केल्या. खेळ मुळापासून सुरू करायचा पर्याय होता, पण करवलं नाही. ते माझंच शेत होतं.

आता हा प्रकार आला कुठून? जपानमध्ये 1996 साली यासुहिरो वादा यांनी 'बोकुजो मोनोगातारी' काढला, इंग्रजीत तो 'हार्वेस्ट मून' झाला. लढाई नाही, शत्रू नाही, नांगरट आणि गाईगुरं. 1997 मध्ये तो गेम बॉयवर, म्हणजे हातात आला. एरिक बॅरोन यांनी त्याच मालिकेच्या ओढीने एकट्याने स्टारड्यू व्हॅली रचला. चित्रं, संगीत, संवाद, सगळं त्यांचं. 2016 ला संगणकावर, 2017 च्या ऑक्टोबरात स्विच या हातात धरायच्या यंत्रावर. मी तो हातातच खेळलो आणि मला वाटतं त्याची खरी जागा तीच आहे. शेतावरचा एक दिवस साधारण 14 मिनिटांचा. झोपण्याआधी पांघरुणात एक दिवस, सकाळी उठल्या उठल्या एक. पडदा चेहऱ्यापासून वीतभर, आणि माती ओली होते ती आपल्या अंगठ्याखाली. जाच एवढाच, की खेळातला माणूस झोपल्याशिवाय दिवसाची नोंद होत नाही. रात्री अकराला, खाणीतून सोनं घेऊन परतताना बॅटरी संपली, की तो दिवस उगवलाच नव्हता असं समजायचं. ते सोनं मला अजून दिसतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरली. मुद्द्यावर येतो.

साधा स्प्रिंकलर 4 चौकोन भिजवतो, दर्जेदार 8, इरिडियम धातूचा 24. शेतीची नववी पातळी गाठली की इरिडियमचा बनवता येतो आणि मग सकाळी सहाला शेत आपोआप भिजलेलं असतं. वेळ वाचतो, शक्ती वाचते, खाणीत जाता येतं, गावात बोलता येतं. हे मी नाकारत नाही. साध्या झारीला सुरुवातीला चौकोनामागे 2 एकक शक्ती जाते आणि अंगात असते 270. एकशे पस्तीस चौकोन भिजवले की माणूस दमला.

पण स्प्रिंकलर लागल्यावर मी शेतात जाणं सोडलं. चार-चार दिवस वाफ्याकडे बघितलं नाही. कावळ्यांनी काय खाल्लं, कुठलं पान मोठं झालं, कळेना. नाणी वाढत गेली आणि खेळ हातातून सुटला. ज्या वर्षी फ्लॉवर गेले त्या वर्षातला एकेक दिवस मला सांगता येईल. इरिडियमच्या वर्षातला एकही येत नाही. झारी आपल्याला रोज प्रत्येक रोपासमोर उभं करते, आणि या खेळाजवळ देण्यासारखं सगळ्यात मोठं तेच आहे असं मी मानतो. सगळे स्प्रिंकलर उपटा असं म्हणत नाही. दाराजवळचे नऊ चौकोन, तीन बाय तीन, तेवढे झारीवर ठेवा.

माझे ते नऊ चौकोन फ्लॉवरचे आहेत. तयार झालेत, पण काढलेले नाहीत. पूर्ण वाढलेले नऊ फ्लॉवर असे चौरसात उभे असले आणि भिजलेले असले, तर रात्री त्यांचा मिळून एक प्रचंड फ्लॉवर होऊ शकतो. संधी दर रात्री शेकड्याला एक. आज तिकडे वसंताची 26 तारीख आहे. पाणी घालून आलोय.