हे केव्हा चुकतं? किरणोत्सव, शून्य सावली आणि गूळ

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘इतिहास, विज्ञान आणि निसर्गातल्या थक्क करणाऱ्या गोष्टी’. अशा गोष्टी हल्ली शोधाव्या लागत नाहीत. सकाळी फोन उघडला की दहा-बारा आलेल्याच असतात. त्या येतात याबद्दल माझी तक्रार नाही, लोकांना नवल वाटतंय हे चांगलंच आहे. तक्रार अशी, की गोष्ट घडते कशी हे त्यात क्वचित असतं आणि ती केव्हा घडत नाही हे तर कधीच नसतं. माझं साधं म्हणणं आहे: एखादं आश्चर्य केव्हा चुकतं हे सांगता येईना, तर ते आपल्याला अजून कळलेलं नाही. हेच आज तीन गोष्टींवर तपासून बघू. अंबाबाईचा किरणोत्सव, शून्य सावली आणि आपला गूळ. तिन्ही कोल्हापुरातच बघायला मिळतात, म्हणजे माझ्या शब्दावर कुणाला विश्वास ठेवायला नको.

किरणोत्सव तुम्हाला काय सांगायचा! नोव्हेंबरची ९, १०, ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. हल्ली पुढचा-मागचा दिवस धरून पाच दिवस पाहतात. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, गणपती चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत गाभाऱ्यात पोचतात, देवीच्या चरणांना लागतात आणि वर चढू लागतात. गर्दी श्वास रोखून उभी असते. आता आपण गर्दीकडे पाठ करून सूर्याकडे बघू.

पहिला प्रश्न, याच तारखा का? सूर्य नेमका पश्चिमेला वर्षातून दोनदाच मावळतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाला, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा. एरवी तो उत्तरेला नाहीतर दक्षिणेला सरकलेला असतो. १० नोव्हेंबरला तो खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो. आपलं अक्षवृत्त १६.७ अंश. दोन्ही आकडे सूत्रात घातले की त्या दिवशीचा सूर्यास्त पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेकडे येतो. तिथून सूर्य आणखी दक्षिणेला जातो, २१-२२ डिसेंबरला, म्हणजे अयनदिनाला, वळतो आणि परत येताना फेब्रुवारीच्या आरंभी त्याच जागी मावळतो. १० नोव्हेंबर ते अयनदिन मोजा, मग अयनदिन ते १ फेब्रुवारी मोजा. दोन्हीकडे एकेचाळीस-बेचाळीस दिवस भरतात. म्हणून उत्सव वर्षातून दोनदा. ज्याने दाराची रेष आखली, त्याला एका दिशेतून दोन तारखा मिळाल्या.

इथे एक बारकी गोष्ट आहे. परंपरेत पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी मुखकमल असा क्रम सांगतात. गणित काय सांगतं? ९ नोव्हेंबरला सूर्य जिथे असतो तिथे तो २ फेब्रुवारीला परत येतो, आणि ११ नोव्हेंबरच्या जागी ३१ जानेवारीला असतो. म्हणजे फेब्रुवारीत क्रम उलटा फिरतो. मग चरणांपासून मुखापर्यंतची चढण कुठून येते? ती रोज एकाच संध्याकाळी होते. सूर्य जसा खाली उतरतो तशी किरणं आडवी होत जातात, आणि दारातून आलेला कवडसा आतल्या भिंतीवर वर सरकतो. दिवसागणिक बदलते ती बाजू. आपल्या अक्षांशाला सूर्य सरळ खाली उतरत नाही, उतरता उतरता उत्तरेकडे सरकतो. त्यामुळे कवडसा चढताना देवीच्या डाव्या हाताकडे झुकतो. ज्या दिवशी तो चढून होईपर्यंत मूर्तीवरच टिकतो तो दिवस साधतो, ज्या दिवशी आधीच बाजूला निसटतो तो हुकतो. रोजचा फरक किती? सूर्य दिवसाला पाव अंशाहून थोडा जास्त सरकतो आणि त्याची थाळी दिसायला अर्धा अंश रुंद आहे. म्हणजे रोज अर्धी थाळी. एवढ्याशा फरकावर हा सगळा सोहळा उभा आहे, आणि मला यात भक्तीला उणेपणा आणणारं काही दिसत नाही. उलट आखणाऱ्याचा हात किती स्थिर असेल, ते कळतं.

आता मुख्य मुद्दा, हे केव्हा चुकतं? आभाळ आलं की चुकतं, हे झालं ढोबळ. क्षितिजाजवळची धूळ, धूर आणि नोव्हेंबरात हवेत राहिलेलं बाष्प यांनी किरणं मवाळ होतात. थाळी डोळ्यांना दिसते, पण गाभाऱ्यापर्यंत उजेड उरत नाही. आणि सगळ्यात मोठा अडथळा आपण बांधतो. हिशेब करा. मंदिरापासून ३०० मीटरवर किरणांच्या रेषेत एखादी इमारत आहे. अर्ध्या अंशाची उंची तिथे होते पावणेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे एक मजला. म्हणजे एका वाढीव मजल्यामागे पूर्ण सूर्य लपतो. आणि सूर्याला स्वतःच्या थाळीएवढं खाली उतरायला लागतात दोन-सव्वादोन मिनिटं. किरण चरणांवरून वर चढायला जी शेवटची मिनिटं लागतात, नेमकी तीच हा मजला गिळतो. मंदिरात काहीही बदललेलं नसतं. गच्चीवरची पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक, वाळत घातलेल्या चादरींची दोरी, सगळं याच हिशेबात येतं. किरण नाही पोचला की लोक मंदिराच्या बांधकामाकडे संशयाने बघतात. बघायला हवं पश्चिमेला, गच्च्यांकडे. हे पोटतिडकीने सांगतोय, कारण हा अडथळा माणसाच्या हातातला आहे.

‘हजार वर्षांत सूर्यच सरकला’ असंही ऐकू येतं. पृथ्वीच्या अक्षाचा कल खरंच कमी होतोय, पण हजार वर्षांत जेमतेम ०.१३ अंश. सूर्य दरवर्षी त्या १७ अंशांवरून जातोच. त्यामुळे तारीख हलेल ती अर्ध्या दिवसाहून कमी.

पण तारखेचा विषय निघालाच आहे, तर इतिहासाची एक गंमत सांगतो. शिलाहारांच्या काळात हे मंदिर उभं होतं, शिलालेख आहेत. तेव्हा ‘९ नोव्हेंबर’ कुठली! आज आपण वापरतो ते कॅलेंडर १५८२ मध्ये रोममध्ये सुरू झालं. इंग्रजांनी ते १७५२ मध्ये घेतलं, आणि त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. आपले बाकीचे बहुतेक सण तिथीवर, म्हणजे चंद्रावर चालतात, म्हणून दिवाळी मागेपुढे होते. किरणोत्सवाला तिथी नाही. तो शुद्ध सूर्याचा आहे, आणि ऋतूंशी बांधलेल्या कॅलेंडरात त्याची तारीख घट्ट बसते. संक्रांतही सूर्याचीच, पण ती ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजतात. म्हणून साधारण सत्तर-बहात्तर वर्षांना एक दिवस पुढे सरकते. आज ती १४-१५ जानेवारीला येते, खऱ्या उत्तरायणारंभानंतर तीन आठवडे उलटून. हजार वर्षांपूर्वी ती त्यानंतर दहा दिवसांतच येत असे. एकाच गावातले सूर्याचे दोन सण, एक सरकतो आणि एक सरकत नाही!

आणि घड्याळ? नोव्हेंबरच्या किरणोत्सवात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास. सूर्य आकाशात त्याच जागी, मग अर्धा तास कुठून आला? पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या तालात चालत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो घड्याळाच्या १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या आरंभी साडेतेरा मिनिटं मागे. बेरीज करा. यामुळेच कोल्हापुरात सर्वात लवकरचा सूर्यास्त सर्वात लहान दिवशी होत नाही. तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होऊन जातो, आणि सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर येतो. ज्याला फक्त तारीख माहीत आणि हे माहीत नाही, तो फेब्रुवारीत अर्धा तास आधी येऊन ताटकळतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मग पुढचं भरभर घेऊ.

शून्य सावली. सूर्य आपल्या डोक्यावर येतो तेव्हा उभ्या काठीला सावली उरत नाही. कोल्हापुरात हे ६-७ मेला घडतं, साधारण दुपारी साडेबाराला, आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेरीला. ऑगस्टातलं सहसा दिसत नाही, कारण आपल्याकडे तेव्हा पाऊस. बाराच्या ठोक्यालाही बघू नका. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे, आपण ७४.२ वर. इथला मध्यान्ह म्हणून अर्धा तास उशिरा येतो. एक मीटरची काठी घ्या, ओळंब्याने उभी करा, खालची फरशी पाणसळने तपासा. काठी एक अंश कलली तर १७ मिलिमीटर सावली पडते. एका दिवसाचा फरक फक्त पाच मिलिमीटरचा असतो. म्हणजे एक अंशाची चूक साडेतीन दिवसांना भारी पडते. मेमध्ये ‘सावली गेलीच नाही’ असं कुणी म्हणालं, तर सूर्याला दोष देण्याआधी ओळंबा मागा.

गूळ. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळतो तेव्हा तो १०० अंशांवर थांबत नाही. पाणी जसं उडतं तशी साखर दाटते आणि उकळबिंदू चढत जातो. काकवी १०५-१०६ अंशांना, गूळ ११८ च्या आसपास. तेव्हा शंभर भागांत पाणी दहा-बारा भागच उरतं. मळी वर यावी म्हणून भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, त्या चिकाबरोबर गाळ तरंगून येतो आणि झाऱ्याने काढता येतो. आंबटपणा मारायला चुना. चुना कमी पडला तर उकळताना साखर फुटते, ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, ते दाणा धरत नाही आणि हवेतलं पाणी ओढतं. तो गूळ पावसाळ्यात पाझरतो. चुना जास्त झाला की रंग काळपटतो. म्हणजे जास्त पिवळा तोच चांगला असंही नाही आणि काळा तोच शुद्ध असंही नाही. दोन्ही रंगांमागे वेगळं काहीतरी बिघडलेलं असू शकतं.

आणि इथे ११८ हा आकडाही चुकतो. तो समुद्रसपाटीचा आहे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर, इथे साधं पाणीच ९८ अंशांना उकळतं. पुस्तकातला आकडा तसाच धरून थर्मामीटर लावला तर गूळ दोन अंश जास्त शिजतो आणि कडक, करपट निघतो. जुने गुळवे, म्हणजे गूळ करणारे कारागीर, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का बघतात. त्या परीक्षेला उंची लागू होत नाही, कारण ती तापमान विचारतच नाही, घट्टपणा विचारते. थर्मामीटरच वापरायचा असेल तर आधी तो साध्या उकळत्या पाण्यात बुडवा, जो आकडा येईल तो लिहून ठेवा, आणि त्यात अठरा मिळवा.