परीक्षकांच्या कागदावर नसलेला रकाना

(सोलापुरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आज कुणाकुणाच्या घरी नळाला पाणी येणार आहे, हात वर करा बरं. निम्मा हॉल! म्हणजे तुम्ही बादल्या घरच्यांवर सोपवून आलात. मग माझ्यावर जबाबदारी आली.

‘पॉलिसी डिबेट’ची, म्हणजे धोरणावरच्या वादविवादाची तोंडओळख करून द्यायला मला बोलावलंय. ती करून देतोच. आधी एक जुनी गोष्ट ऐका.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. स्पर्धेचा विषय होता, ‘संपूर्ण दारूबंदी करावी’. मी प्रतिकूल बाजूनं बोललो. एकच मुद्दा लावून धरला: दुकानं बंद झाल्यावर पिणारा हातभट्टीकडे वळला तर त्याला अडवायला माणसं कुठून आणणार? माझ्यानंतर अनुकूल बाजूचा मुलगा उठला. आवाज खणखणीत. दोन अभंग, एक शेर आणि शेवटी रडणारी आई. टाळ्या थांबेनात. हातभट्टीचं नावही त्यानं घेतलं नाही. पुढच्या तिघांनीही घेतलं नाही. चषक त्यालाच मिळाला आणि मला वाईट वाटलं.

पण खरं लागलं ते नंतर. टेबलावर परीक्षकांचं गुणपत्रक पडलं होतं. उच्चार, हावभाव, पाठांतर, वेळेचं भान, असे रकाने आखलेले. समोरच्याला दिलेल्या उत्तराला रकानाच नाही! स्पर्धा वादविवादाची आणि गुण पाठांतराला. हे मला आजही सलतं. आपली पोरं बोलण्यात कुणाला हार जाणार नाहीत, पण ऐकल्याबद्दल त्यांना कधी कुणी गुणच दिले नाहीत. आणि रीत तर आपल्याकडे जुनीच आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं. मग त्याचं खंडन.

म्हणून मला अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांतला हा प्रकार आवडतो. तिथला स्पर्धक कागद आडवा धरतो, उभे रकाने आखतो. प्रत्येक भाषणाला एक रकाना. आपले मुद्दे एका शाईत, समोरच्यांचे दुसऱ्या. मुद्द्यासमोर उत्तर, उत्तरासमोर प्रत्युत्तर. याला ते ‘फ्लो’ म्हणतात. रकाना कोरा राहिला, की तो मुद्दा तुम्ही मान्य केला असं सहसा धरतात. माझी हातभट्टी तिथे जिंकली असती!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. आता भराभर लिहून घ्या.

दोन संघ, प्रत्येकी दोघं. ठराव, म्हणजे वादाचा विषय, वर्षभर एकच. शालेय स्पर्धेत आठ-आठ मिनिटांची चार मांडणीची भाषणं, प्रत्येकानंतर तीन मिनिटं उलटतपासणी, मग पाच-पाच मिनिटांची चार खंडनाची भाषणं. पहिलं आणि शेवटचं भाषण अनुकूल बाजूचं. मधे मात्र प्रतिकूल बाजूची दोन भाषणं लागोपाठ येतात, आठ आणि पाच अशी तेरा मिनिटं, आणि त्यांना उत्तर द्यायला अनुकूल बाजूला पाचच. तिथे कसोटी लागते.

अनुकूल बाजूनं योजना आणायची. समजा, ठराव आहे ‘सोलापूरला रोज पाणी द्यावं’. नुकसान दाखवा: दिवसाआड सोडा, चार-चार दिवस नळ कोरडा. मग अडतंय कुठे ते दाखवा. उजनी धरण भरलेलं असतानाही नळ कोरडा असेल, तर दोष पावसाचा नाही. जलवाहिनी, टाक्या, वितरण तपासा. तुमच्या योजनेनं ते सुटतं हे पटवा. आणि ती ठरावाच्या चौकटीत बसली पाहिजे.

प्रतिकूल बाजूनं यातला एक दुवा तोडला तरी पुष्कळ. योजनेचा तोटा दाखवा, ‘ऊस आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं काय?’ म्हणा, नाहीतर स्वतःची पर्यायी योजना आणा. सिद्ध करायचा भार बदल मागणाऱ्यावर असतो.

घंटा झाली. पाणी भरायला जायचंय ते जा. बाकीच्यांनी कागद आडवे धरा, दोन रंगांची पेनं काढा. खिडकीकडची चौघं पुढे या. रोज पाणी, हाच ठराव. तुम्ही दोघं अनुकूल.