मुलींची नावं मी का दिली नाहीत

नमस्कार मंडळी.

गेल्या दिवाळीत इथे परदेशात राहणाऱ्या तुमच्यातल्याच एका काकांचा पुण्याला, मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या आमच्या न्यासात फोन आला. "दोन मुलींच्या शिक्षणाचा खर्च उचललाय मी. त्यांची नावं आणि फोटो तरी पाठवा." मागणी गैर नव्हती. आपला पैसा कुठे गेला हे विचारायचा हक्क देणाऱ्याला असतोच. तरी मी नाही म्हटलं. ते का, हे आज तुमच्यासमोर सांगायचं आहे.

सदाशिव पेठेत जिना चढून गेलं की आमच्या न्यासाची एक खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटात दोन कप्पे आहेत. वरच्यात पावतीपुस्तकं, व्हाउचरं, सभांची इतिवृत्तं. खालच्यात मुलांचे अर्ज आणि घरभेटीची टिपणं: वडील पितात, आईचं डायलिसिस चालू आहे, मुलगी मामाकडे राहते. वरचा कप्पा कोणीही येऊन पाहावा. खालच्याची किल्ली फक्त दोघांकडे असते.

ही शिस्त ठेच लागून आली. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या कार्यक्रमात आम्ही एका मुलीला व्यासपीठावर बोलावलं आणि तिच्या घरची परिस्थिती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. मजकूर मीच लिहून दिला होता. टाळ्या पडल्या. तिने धनादेशाची चौपदरी घडी केली, मुठीत धरली आणि चहालाही न थांबता निघून गेली. पुढच्या वर्षी तिचा अर्ज आला नाही. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. मंगळवारी कोण कुणाच्या पानावर, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक असे. आम्ही तेच केलं, माइक लावून.

पण याच गोपनीयतेच्या आड आम्ही एकदा लपलोही. हिशेब पाहणाऱ्या माणसाने रोख देणग्यांचे पैसे काही महिने बँकेत भरलेच नव्हते. पावतीपुस्तक आणि पासबुक जुळेना, तेव्हा कळलं. विश्वस्तांच्या सभेत पहिलं वाक्य आलं, "बाहेर कळता कामा नये, संस्थेची बदनामी होईल." मीही मान डोलावली. देणगीदारांना ते बाहेरूनच कळलं, तेही रक्कम फुगून. पैसे गेले त्यापेक्षा आम्ही गप्प बसलो, हे लोकांना जास्त लागलं. शेवटी सर्वसाधारण सभेत सगळं मांडलं: किती गेले, कसे गेले, किती परत आले, आता रोकड कोण मोजतं. त्या माणसाचं नाव तेवढं घेतलं नाही, कारण चौकशी चालू होती. तेव्हापासून काही झाकायची वेळ आली की मी आधी विचारते, यात कोण वाचतंय? ती मुलगी, की आम्ही विश्वस्त?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बघा. तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, साक्षीदार, कुणाचीच ओळख प्रसिद्ध करता येत नाही. पण वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे वार्षिक अहवालात द्यावंच लागतं. मला ही रेघ फार पटते.

तुमच्यापैकी काही जण गुप्तदान करतात. फलकावर नाव नको म्हणतात, आम्ही घालत नाही. मात्र सरकारपासून ते लपवता येत नाही. तुम्ही इथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर तुमची देणगी विदेशी ठरते. विदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्यात 2020 ला झालेल्या दुरुस्तीनंतर ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते आणि तिच्यातला 20 टक्क्यांहून जास्त भाग प्रशासनावर खर्चता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. म्हणून आम्ही पासपोर्टची चौकशी करतो. कृपया राग मानू नका. पण फलकावर नाव नको म्हणायची मुभा देणाऱ्याला आहे, तर घेणाऱ्या मुलीला का नसावी?

काकांना मी कॉलेजच्या फीच्या पावत्या पाठवल्या, नावावर काळी पट्टी मारून. सोबत लेखापरीक्षकांचा अहवाल. काका आज समोरच बसलेत. निघायच्या आदल्या दिवशी त्या दोघींपैकी एक ऑफिसात आली आणि त्यांच्यासाठी पत्र देऊन गेली. खाली नाव लिहायचं की नाही, ते तुझं तू ठरव, एवढंच मी तिला सांगितलं होतं. तिने पाकीट चिकटवूनच आणलं. मी ते उघडलेलं नाही. काका, चहाच्या वेळी तुमच्या हातात देते.