आधी चेंबर बघा, मग चकाकी
(नवी की वापरलेली पंप-ॲक्शन शॉटगन, या विषयावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय नवी की वापरलेली एवढाच आहे. तुमच्यापैकी बरेच जण इथे अमेरिकेत तबकड्या फोडायला जाता, काही जण हिवाळ्यात फेझंट पक्ष्यांच्या मागे शेतं तुडवता. त्यामुळे पंप म्हणजे काय, हे सांगत बसत नाही; नळीखालची मूठ, म्हणजे पंप, मागेपुढे सरकवून काडतूस भरायची ती बंदूक, एवढंच. पण निवाड्याआधी एक बोलायलाच हवं. दुकानात आपण ओरखडे आणि दस्त्याच्या लाकडाची चमक बघतो, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, कुणी बघत नाही. अन् पंपाची बरीच दुखणी तिथेच असतात.

रेमिंग्टन ८७० घ्या. १९५० साली बाजारात आली आणि २००९ पर्यंत कोटीभर तयार झाल्या. तिचीच गुळगुळीत घासलेली आवृत्ती, जुनी विंगमास्टर, हातात घ्या, पंप नुसत्या वजनानं मागे सरकतो. १९८७ साली कंपनीनं ८७० ची स्वस्तातली आवृत्ती, एक्स्प्रेस, काढली. पोलादी रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा सामावणारा मधला सांगाडा, तोच, बचत केली ती घासकामात. बाहेरचा मॅट लेप गंज लवकर धरतो, तो दिसतो म्हणून लोक त्याबद्दल कुरकुरतात. आतलं कुणाला दिसत नाही. पुढच्या काळातल्या पुष्कळ एक्स्प्रेसच्या चेंबरमध्ये कापणाऱ्या हत्याराच्या बारीक चऱ्या तशाच राहिलेल्या असतात.

त्यानं काय होतं? बार उडाला की काडतुसाचं बूड फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं. पितळ लगेच आकसतं. शंभराच्या खोक्यातल्या स्वस्त काडतुसांचं बूड बहुधा वर मुलामा दिलेल्या पोलादाचं असतं, ते तितकं आकसत नाही आणि त्या चऱ्यांत अडकून बसतं. पंप हलत नाही. मग माणूस दस्ता जमिनीवर आपटतो. पुंगळी ओढून काढणारा आकडा, एक्सट्रॅक्टर, तिच्या कडेवरून निसटतो, पुंगळी आतच राहते, अन् दोष बंदुकीच्या वयाला दिला जातो! नव्या बंदुकीतही हे होतं, हेच मला आज ठासून सांगायचंय.

उपाय सोपा आहे. नळी काढा. लाकडी दांडीला चीर पाडून तिच्यात ६०० नंबरचा पॉलिश पेपर अडकवा, तेल लावा आणि ड्रिलवर अगदी हळू, अर्धा मिनिट फिरवा. पुसा, टॉर्चनं बघा, लागलं तर पुन्हा. शेवटी चार शून्यांची स्टील वूल. चेंबर मोठं करायचं नाही, फक्त गुळगुळीत करायचं. भीती वाटत असेल तर बंदूक-मिस्त्रीकडे द्या, किरकोळ काम आहे. आणि आधी पितळी बुडाची काडतुसं वापरून बघा. त्यांनी अडकणं थांबलं, तर रोग नेमका कळला.

(इथे एका श्रोत्यांनी मॉसबर्ग ५०० बद्दल विचारलं.)

हो, तिथे दोन एक्सट्रॅक्टर असतात, त्यामुळे पुंगळी दोन्ही बाजूंनी ओढली जाते. रिसीव्हर ॲल्युमिनियमचा, म्हणून वजन कमी. दुरुस्तीही सोपी. काडतूस अडवणाऱ्या पट्ट्या सुट्या असतात, पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर स्क्रूनं बसवलेला असतो. ८७० मध्ये पट्ट्या ठोकून आणि इजेक्टर रिव्हेटनं बसवलेला, तो सैल झाला की मिस्त्रीशिवाय गत्यंतर नाही. म्हणून वापरलेली ८७० घेताना इजेक्टर बोटानं हलवून बघा. मॉसबर्गचं सेफ्टीचं बटण प्लास्टिकचं असतं, तुटलं तर धातूचं मिळतं. आणि एक गुपित सांगतो. माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानांतून ‘वेस्टर्न फील्ड ५५०’ नावानं विकली जायची ती मॉसबर्ग ५०० च. नाव अनोळखी म्हणून ती स्वस्तात पडून असते.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. तेव्हा मूळ मुद्दा भराभर.

वापरलेली बघताना विक्रेत्याला विचारून नळी काढा. रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनीही करा, बोटानंही. नळी उजेडाकडे धरा. आत काळं कडं दिसलं तर ती तिथे फुगलेली आहे, ठेवून द्या. मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या, नळीवर बोट फिरवून पोचे शोधा. पाच डमी (बिनदारूची) काडतुसं सोबत न्या आणि हळू, मग जोरात, भरून काढून बघा. दस्त्याचं मनगट, म्हणजे चापामागचा बारीक भाग, वाकवून चीर तपासा. अनुक्रमांक खरवडलेला असेल तर हातही लावू नका. १९६८ पूर्वीच्या काही बंदुकांवर तो मुळातच नसतो, ती गोष्ट वेगळी.

पोलिसांनी काढून टाकलेल्या ८७० बाहेरून खरचटलेल्या असतात, कारण त्या गाडीतल्या स्टँडमध्ये घासत राहतात. बार मात्र बहुधा थोडेच झालेले असतात. मी तर आधी त्याच बघायला सांगेन. उलट विंचेस्टर मॉडेल १२ किंवा जुनी इथाका ३७ कितीही देखणी असली तरी पहिली बंदूक म्हणून नको. चाप दाबून धरून पंप पुढे नेला की बार उडतो, आणि मॉडेल १२ चे सुटे भाग आता शोधावे लागतात.

बदकांसाठी हवी असेल तर लक्षात ठेवा, पाणपक्ष्यांसाठी देशभर १९९१ पासून शिशाचे छर्रे बंद आहेत. जुन्या, पक्क्या फुल चोकच्या (तोंडाशी खूप अरुंद केलेल्या) नळीतून पोलादी छर्रे मारले तर तोंडाशी नळी फुगू शकते. ८७० ला चोक बदलता येणारी नळी नंतर बसते, पण रिसीव्हर पावणेतीन इंची काडतुसांचा असेल तर तीन इंची नळी लावून तीन इंची काडतूस चालत नाही. नळीचा खर्च धरूनही नवीपेक्षा चौथाई स्वस्त पडत नसेल, तर नवी घ्या.

नवीला वॉरंटी असते, तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. तिचंही चेंबर टॉर्चनं बघा, कारखान्यातलं घट्ट तेल पुसून काढा, आणि ज्या काडतुसांनी खेळणार त्यांचे पन्नास बार पहिल्याच आठवड्यात करा. आपल्यातल्या एच-वन-बीवाल्यांनो, वैध शिकार परवाना किंवा कायद्यातला दुसरा अपवाद नसेल तर तुम्हाला बंदूक बाळगताच येत नाही. परवाना आधी काढा, दुकानात नंतर जा.